गाळलेलं क्रियापद कोण भरतो? अध्याहाराचा एक छोटा इतिहास



आज बोलायचं आहे ते न बोललेल्या शब्दांविषयी. नेमकं सांगायचं तर वाक्यातून गाळलेल्या क्रियापदाविषयी, आणि ते मनातल्या मनात भरून घेणाऱ्या श्रोत्याविषयी.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्या उत्तरार्धात क्रियापद नाही. ‘कुठून’च्या पुढचं ‘येणार’ म्हणीत नाही, ते आपण घालतो. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ यात तर दोन्ही बाजूंना क्रियापद नाही. पोटोबाचं करायचं काय आणि विठोबाचं काय, हे म्हण सांगत नाही. तरी आजवर कोणाचं अडलेलं नाही.

ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिला इतिहास असेल असं वाटत नाही. पण आहे, आणि तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्यातला बराचसा भाग आपल्या भागातल्या माणसांनी घडवला आहे. त्याचं एक टोक व्याकरणाच्या पाठशाळेत आहे, दुसरं मुंबईच्या उच्च न्यायालयात. आम्हाला आज एवढंच दाखवायचं आहे की गाळलेला शब्द भरणं हा ऐकणाऱ्याचा निव्वळ अंदाज नसतो. त्याला शिस्त असते. आणि ती शिस्त कोण, कशी पाळतो यावर कधी कधी एखाद्या बाईचं घर आणि जमीन ठरते.

‘अंधेरी?’

सुरुवात रोजच्या प्रवासापासून करू. संध्याकाळची बोरिवली लोकल घ्या. डब्यात कोणीतरी एकच शब्द उच्चारतो, ‘अंधेरी?’ हा शब्द दाराकडे सरकणाऱ्या माणसाने पुढच्याच्या खांद्याला हात लावून उच्चारला, तर अर्थ होतो ‘अंधेरीला उतरणार का?’ आसनाशेजारी उभ्या असलेल्या माणसाने बसलेल्याकडे वाकून विचारला, तर अर्थ होतो ‘तुम्ही अंधेरीला उठणार असाल तर जागा मला द्याल का?’ फलाटावरून दारातल्या माणसाला विचारला, तर ‘ही गाडी अंधेरीला थांबते का?’ आणि स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारला, तर ‘अंधेरीला येणार का?’ त्याने नुसती मान हलवली की त्याचंही वाक्य पूर्ण झालं.

उतरणं, उठणं, थांबणं, येणं. चार क्रियापदं आहेत आणि एकही उच्चारलेलं नाही. तरीही चुकीचं क्रियापद भरून उत्तर देणारा माणूस विरळाच. ऐकणारा बोलणाऱ्याची जागा, त्याची गरज, दोघांचं त्या क्षणीचं नातं, हे सगळं निमिषात वाचतो. आणि समजा चुकलंच, तरी समोरचा माणूस हजर आहे. ‘अहो नाही, मला उतरायचं नाही, बसायचंय’ असं तो सांगेल. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. बोलणारा समोर असतो, त्याला उलट विचारता येतं. पुढचा सगळा इतिहास अशा वाक्यांचा आहे, ज्यांचा बोलणारा समोर नाही.

व्याकरणकारांची नोंद

या प्रकाराची नोंद फार लवकर झाली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलींनी महाभाष्य लिहिलं. त्यात ते सांगतात की लोक वाक्याच्या ठिकाणी वाक्याचा एक तुकडाच वापरताना दिसतात. कोणी नुसतं ‘आत जा’ म्हणतो आणि आपण ‘घरात’ समजतो. कोणी नुसता भाताच्या मुद्याचा उल्लेख करतो आणि आपण ‘खा’ समजतो. देवदत्ताला नुसतं दत्त म्हणावं, सत्यभामेला नुसतं भामा म्हणावं, तसाच हा प्रकार, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शब्द तोडणं आणि वाक्य तोडणं त्यांनी एकाच रांगेत बसवलं. पतंजलींच्या आधीच्या कात्यायनांनी तर नियमच सांगून ठेवला होता की क्रियापद दिसत नसेल तिथे ‘आहे’ हे वर्तमानकाळी, तृतीयपुरुषी क्रियापद न उच्चारताही असतंच. आपण शाळेत वाक्यपृथक्करण करताना क्रियापदाच्या रकान्यात कंसात ‘आहे’ लिहून पुढे ‘अध्याहृत’ म्हणत होतो ना, ती सवय थेट तिथून आलेली आहे.

पाणिनींच्या अष्टाध्यायीची तर रचनाच गाळण्यावर उभी आहे. एका सूत्रात आलेला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा सांगत नाहीत, तो वरून खाली उतरतो. याला अनुवृत्ती म्हणतात. पाण्याच्या पाटासारखी ती वाहत येते. पण पाट कुठे थांबतो? हा शब्द पुढच्या पाच सूत्रांपर्यंत धरायचा की पंधरा? सूत्रात ते लिहिलेलं नाही. पुणे विद्यापीठात शि. द. जोशी आणि सरोजा भाटे यांनी 1984 साली या एकाच प्रश्नावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यावरून त्याची खोली कळेल.

अठराव्या शतकात काशीला राहणारे नागेशभट्ट, घराण्याने मराठी, आडनाव काळे, यांनी परिभाषेंदुशेखर नावाच्या ग्रंथात व्याकरणाचे नियम कसे वाचायचे याचे नियम सांगितले. आरंभीच येणारं तत्त्व असं आहे : नियमाच्या अर्थाविषयी शंका आली म्हणून नियम निकामी होत नाही, परंपरेने केलेल्या स्पष्टीकरणातून नेमका अर्थ ठरवायचा. हे वाक्य दिसतं साधं. पण त्याचा अर्थ असा होतो की सूत्र एकटं कधीच पुरं नसतं, त्याच्यासोबत समजावून सांगणाऱ्यांची एक साखळी लागते.

मराठीत याचा फार सुंदर दाखला महानुभाव पंथात मिळतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या मुखातून निघालेली वचनं केसोबासांनी निवडून सूत्रपाठात आणली. सूत्रं तुटक आहेत. कोणाला, कशावरून, कुठे म्हटलं हे सूत्रात नाही. ती ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली त्यांना अडचण नव्हती, त्यांच्या डोळ्यांसमोर प्रसंग होता. पुढच्या पिढ्यांचं काय? म्हणून पंथात ‘प्रकरणवश’ नावाचा लेखनप्रकार तयार झाला. प्रत्येक वचन कोणत्या प्रसंगी निघालं ते त्यात सांगितलेलं असतं. म्हणजे त्या लोकांनी गाळलेले शब्द तर जपलेच, पण ते ज्यातून भरून काढायचे तो प्रसंगही जपला. लोकलच्या डब्यातला ‘अंधेरी?’ कागदावर उतरवून शंभर वर्षांनी कोणाच्या हाती दिला तर त्याला डबा, दार आणि गर्दीही द्यावी लागेल. महानुभावांनी नेमकं तेच केलं.

विचारायला कोणी नसेल तर

आता मीमांसकांकडे वळू. आमच्या मते या विषयातलं सर्वांत कडक काम त्यांचं आहे, आणि त्याला कारण आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे, त्याला कर्ता नाही. म्हणजे ‘तुम्हाला काय म्हणायचं होतं?’ असं विचारायला कोणी नाहीच. प्रसंग सांगणारंही कोणी नाही. वाक्य आहे आणि ऐकणारा आहे. अशा वेळी गाळलेलं क्रियापद भरायचं तर नियम काटेकोर असायला हवेत, नाहीतर प्रत्येक पुरोहित आपल्या मनातला यज्ञ करील.

जैमिनीसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात याची दोन छोटी प्रकरणं आहेत. पहिल्याचं नाव अनुषंग. ज्योतिष्टोम यागात उपसद नावाचे होम असतात. त्यांच्या मंत्रांपैकी पहिला मंत्र पूर्ण आहे, लोहात वसणाऱ्या अग्नीच्या तनूविषयीचा, कर्ता-क्रियापदासह. दुसऱ्यात रुप्यात वसणाऱ्या तनूचा नुसता उल्लेख होतो आणि मंत्र थांबतो. तिसऱ्यात सोन्यातली तनू, आणि पुन्हा थांबतो. उरलेलं वाक्य कुठून आणायचं? एक पक्ष म्हणाला, आपल्या नेहमीच्या भाषेतून सोयीचा शब्द घाला. सिद्धान्त ठरला तो असा की तसं करायचं नाही. पहिल्या मंत्राचा जो शेवट आहे तो तिन्ही मंत्रांना सारखाच लागू पडतो, म्हणून तोच खाली ओढायचा. घरात धान्य असताना शेजारी मागायला जाऊ नये, तसं.

लगेच पुढचं सूत्र अपवाद सांगतं : मध्ये आडकाठी आली तर ओढता येत नाही. उदाहरणातल्या मंत्राचे तीन तुकडे आहेत. पहिल्यात कर्ता एकवचनी आहे, क्रियापदही एकवचनी आहे. दुसऱ्यात कर्ता अनेकवचनी आहे, क्रियापद नाही. तिसऱ्यात कर्ता पुन्हा एकवचनी आहे, क्रियापद नाही. पहिल्याचं एकवचनी क्रियापद दुसऱ्याला बसत नाही. मग त्याला उडी मारून तिसऱ्याकडे नेता येईल का? मीमांसक म्हणतात, नाही. वाट अडली. आता दोन्ही ठिकाणी बाहेरून शब्द आणावा लागेल, म्हणजे अध्याहार करावा लागेल.

इथे आपल्या बोलीशी ताडून बघा. ‘मुलगा शाळेत गेला, मुली बागेत, आणि आजोबा देवळात.’ आपण क्रियापद एकदाच उच्चारलं, ‘गेला’. ऐकणाऱ्याने मुलींसाठी ‘गेल्या’ केलं, आजोबांसाठी ‘गेले’ केलं. मधल्या अनेकवचनाने वाट अडली नाही. मराठी माणूस धातू उचलतो आणि रूप कर्त्याप्रमाणे बदलून घेतो. मंत्रात अक्षर न् अक्षर मोलाचं, म्हणून तिथे ही मुभा नाही. बोलीत आहे. दोन्हीकडे नियम आहे, पण भाषेचा उपयोग कशासाठी चालला आहे त्यावर नियमाची कठोरता ठरते.

अनुषंग आणि अध्याहार यांतला फरक समजला की पुढचा प्रसिद्ध वाद सोपा होतो. सातव्या शतकाच्या सुमाराचे दोन मोठे मीमांसक, कुमारिल आणि प्रभाकर. त्यांच्या संप्रदायांमधला हा वाद एका शब्दाच्या वाक्यावर आणून ठेवता येतो. कोणीतरी नुसतं म्हणालं, ‘दार!’ आपण उठून दार लावलं. आता सांगा, आपण मनात काय भरलं? ‘लाव’ हा शब्द भरला, की लावण्याची क्रिया?

कुमारिलांचा संप्रदाय म्हणतो, शब्द भरला. शब्दाचा संबंध शब्दाशीच लागतो. अर्धं वाक्य उच्चारलेलं आणि अर्धा नुसता अर्थ, असं मिश्रण होत नाही. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही असं ऐकलं की आपण ‘तो रात्री जेवतो’ हे वाक्यच मनात तयार करतो, असं कुमारिल सांगतात. हा झाला शब्दाध्याहार. प्रभाकरांचे अनुयायी म्हणतात, शब्दाचा हेलपाटा कशाला? ऐकणाऱ्याला क्रिया कळली, काम झालं. हा अर्थाध्याहार.

हा वाद आपल्याला मराठीत करून बघता येतो. प्रभाकरांच्या बाजूने असं म्हणता येईल की ‘दार!’ ऐकणाऱ्या चार माणसांना विचारा. एक म्हणेल ‘लाव’ समजलो, दुसरा ‘बंद कर’, तिसरा ‘ओढून घे’, चौथा ‘लोट’. शब्द चार, काम एकच. मग अमुकच शब्द भरला गेला हे कशावरून?

आता कुमारिलांची बाजू घेऊ. उडप्याच्या हॉटेलात माणूस बसतो आणि म्हणतो, ‘दोन साधे, एक मसाला.’ डोसा हा शब्द टेबलावर कोणी उच्चारलेला नाही. मग ‘साधे’ कुठून आलं, ‘साध्या’ का नाही? कारण डोसा पुल्लिंगी. चहाच्या टपरीवर ‘एक कोरा’ आणि ‘एक कोरी’ यांत फरक होतो. पहिल्याला चहा मिळतो, दुसऱ्याला कॉफी. पातेल्यातल्या द्रवाला लिंग नसतं, शब्दाला असतं. तेव्हा न उच्चारलेला शब्द कुठेतरी हजर असलाच पाहिजे, नाहीतर विशेषणाला हे वळण कोणी दिलं? आमच्या मते मराठीने कुमारिलांना दिलेला हा पुरावा बराच भक्कम आहे, पण ‘दार!’चा प्रश्न त्याने सुटत नाही.

हाच वाद विसाव्या शतकात पश्चिमेत वेगळ्या वाटेने पुन्हा उभा राहिला. 1976 साली हँकामर आणि सॅग यांनी दाखवलं की काही गाळलेल्या जागा भरायला आधी उच्चारलेला शब्द लागतोच, आणि काही नुसत्या प्रसंगावरून भरता येतात. अनुषंग आणि अध्याहार ही विभागणी आठवावी, इतकं ते जवळचं आहे. 2001 साली जेसन मर्चंट यांनी न उच्चारलेल्या भागातही पूर्ण वाक्यरचना असते या बाजूने मोठा युक्तिवाद केला. 2006 साली रॉबर्ट स्टेन्टन यांनी एकट्या शब्दानेही माणूस पुरं विधान करू शकतो, मागे लपलेलं वाक्य मानायची गरज नाही, असं मांडलं. एकाला भाट्ट म्हणा, दुसऱ्याला प्राभाकर म्हणा.

एक छोटं उदाहरण त्या चर्चेतून मराठीत आणतो. ‘रमाने आपल्या आईला फोन केला, सुमननेही.’ सुमनने कोणाच्या आईला केला? बहुतेक जण म्हणतील, सुमनच्या. आता ‘आपल्या’ऐवजी ‘तिच्या’ घाला. ‘रमाने तिच्या आईला फोन केला, सुमननेही.’ आता ऐकणारा थबकतो. रमाची आई, की सुमनची, की आधी जिचं बोलणं चाललं होतं त्या तिसरीची? गाळलेला भाग दोन्ही वाक्यांत सारखाच आहे. उच्चारलेल्या भागातला एक लहानसा शब्द बदलला आणि न उच्चारलेल्या भागाचा अर्थ हलला. जॉन रॉबर्ट रॉस यांनी 1967 च्या आपल्या प्रबंधात या दुहेरी अर्थाकडे लक्ष वेधलं होतं.

मीमांसेतला आणखी एक नियम सांगतो आणि पुढे जातो. विश्वजित नावाचा याग करावा असं वचन आहे, पण फळ सांगितलेलं नाही. कोणी करायचा, कशासाठी? तिथे काय भरायचं? जैमिनींच्या चौथ्या अध्यायात निर्णय आहे : स्वर्ग भरावा, कारण तो सगळ्यांनाच हवा असतो. याचा अर्थ असा की खास एकाच्या फायद्याचं काही भरू नका. भरायचंच तर सगळ्यांना मान्य होईल असं भरा.

पैठणहून काशी, काशीहून मुंबई

आता या शिस्तीची एका खऱ्या प्रश्नावर परीक्षा कशी झाली ते पाहू. पैठणच्या रामेश्वरभट्टांचं घराणं सोळाव्या शतकात काशीला जाऊन राहिलं. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, नातू शंकरभट्ट. शंकरभट्ट मीमांसक म्हणून नावाजलेले. त्यांचे पुत्र नीलकंठभट्ट. शिवाजी महाराजांचा 1674 चा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले, आणि त्यांचाही मीमांसेवर ग्रंथ आहे. नीलकंठांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बारा ‘मयूखां’चा एक मोठा धर्मशास्त्रग्रंथ लिहिला. त्यातला व्यवहारमयूख, म्हणजे कज्जेखटल्यांचा भाग, इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे प्रमाण मानला गेला. साष्टी, म्हणजे आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, 1920 साली उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात, उत्तर कोकणातच मोडत होती. तेव्हा आपण ज्या जमिनीवर आज इमारती बांधून राहतो, तिच्या वारशाचे कित्येक प्रश्न काशीतल्या एका मीमांसकपुत्राच्या ग्रंथावरून सुटत होते.

वसिष्ठांच्या धर्मसूत्रात दत्तकाविषयी एक वचन आहे. आशय असा की स्त्रीने मुलगा दत्तक देऊ नये, घेऊ नये, पतीची अनुज्ञा असल्याखेरीज. या शेवटच्या तुकड्यात क्रियापद नाही. ‘देऊ-घेऊ शकते’ हे आपण वरून खाली ओढतो, तो अनुषंग झाला. तिथवर सगळे पंडित एकमत आहेत. पण ‘अनुज्ञा’ या नामात आणखी एक क्रियापद दडलेलं आहे, अनुज्ञा देणे. नामाला काळ नसतो. ते उलगडून वाक्य केलं की काळ घालावाच लागतो. पती अनुज्ञा ‘देत असेल’ तर? ‘दिलेली असेल’ तर? की ‘देऊ शकत असेल’ तेव्हा? आणि पती वारला असेल तर?

एक साधं उदाहरण घेऊ. मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत पाटी आहे असं समजा : ‘सेक्रेटरींच्या परवानगीशिवाय गच्चीवर जाऊ नये.’ आणि सेक्रेटरींचं पद रिकामं आहे. एक सभासद म्हणतो, परवानगी देणारा नाही, म्हणजे कोणीच जायचं नाही. दुसरा म्हणतो, जुन्या सेक्रेटरींनी मला जाण्यापूर्वी परवानगी देऊन ठेवली आहे, मी जाणार. तिसरा म्हणतो, त्यांच्या जागी कमिटीला विचारा. चौथा म्हणतो, सेक्रेटरी असतील तेव्हासाठी ती पाटी होती. आता नाहीत, तेव्हा अट लागूच नाही. पाटी एकच, वाचन चार.

नेमकं हेच विधवेच्या दत्तकाबाबत झालं. मिथिलेच्या पंडितांनी धरलं की अनुज्ञा दत्तक घेतेवेळीच हवी, म्हणून विधवेला दत्तक घेता येत नाही. बंगालने धरलं की पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा मृत्यूनंतरही चालते. दक्षिणेत पतीच्या अनुज्ञेच्या जागी सपिंडांची, म्हणजे जवळच्या भाऊबंदांची, संमती चालते असं मानलं. आणि मयूख, कौस्तुभ हे आपल्याकडचे ग्रंथ म्हणाले की ही अट जिचा पती हयात आहे तिच्यासाठी आहे, विधवेला ती लागत नाही. पंडितांनी आपापली कारणं धर्मशास्त्राच्या भाषेत दिली आहेत. काळाची ही मांडणी आमची. पण 1868 साली मदुरेच्या एका जमीनदारीच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हे चारही अर्थ शेजारी शेजारी मांडले, आणि एका वचनातून चार प्रांतांचे चार कायदे कसे निघाले हे जगापुढे आलं.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ‘रखमाबाई विरुद्ध राधाबाई’ या खटल्यात म्हटलं की मराठी मुलखात विधवा पतीच्या परवानगीवाचून, भाऊबंदांच्या संमतीवाचूनही, शुद्ध हेतूने धर्मकर्तव्य म्हणून दत्तक घेऊ शकते. डॉ. रखमाबाईंचा गाजलेला खटला वेगळा आणि नंतरचा, गल्लत नको.

यात त्या बाईचं काय पणाला लागलं होतं? विभक्त कुटुंबात निपुत्रिक विधवेला मिळकतीवर हयातीपुरता मर्यादित हक्क असे. एकत्र कुटुंबात, 1937 चा कायदा येईपर्यंत, तिला पोटगी आणि राहायला जागा, एवढंच. मिळकत दीर-पुतण्यांची. दत्तक घेतला की हिस्सा दत्तकाकडे जाई, आणि ती आश्रिताऐवजी वारसाची आई होई. दिरांचा विरोध कशाला असे ते वेगळं सांगायला नको. कोर्टात वाद अनुज्ञेचा चाले, घरात तो जमिनीचा असे.

म्हणूनच पुढे वाट सरळ राहिली नाही. ‘रामजी विरुद्ध घमाऊ’ या पूर्णपीठाच्या निकालाने एकत्र कुटुंबातल्या विधवेवर पुन्हा अट घातली : पतीची अनुज्ञा नसेल तर एकत्र राहणाऱ्या भाऊबंदांची संमती हवी. मयूखाने जी जागा रिकामी ठेवली होती, तिच्यात न्यायालयाने नवा कर्ता आणून बसवला. ज्यांचं नुकसान व्हायचं त्यांचीच परवानगी मागायला सांगितली. विश्वजित-न्याय आठवा. भरायचं ते सगळ्यांना सारखं लागू पडणारं हवं, एका पक्षाच्या हिताचं नको. 1921 साली आणि पुन्हा 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, ‘भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडा’ या खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलने ही अट काढून टाकली. मधल्या साधारण अर्ध्या शतकात ज्या बायका घरातून बाहेर पडल्या किंवा गप्प राहिल्या, त्यांची मोजदाद कोणत्याही निकालपत्रात नाही.

1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने जुन्या वचनाचा आधारच संपवला. विधवा स्वतःसाठी दत्तक घेऊ शकते, मुलगा किंवा मुलगी, आणि कायदा ते स्पष्ट क्रियापदासह सांगतो. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेण्याचा अधिकार मिळायला मात्र 2010 ची दुरुस्ती यावी लागली.

‘इति शेषः’

शेवटी एका सवयीकडे लक्ष वेधतो. संस्कृत टीकाकार मुळात नसलेला शब्द घालतात तेव्हा लगेच पुढे लिहितात, ‘इति शेषः’. म्हणजे हा उरलेला भाग, हा मुळात नाही, आम्ही पुरवला. दोन शब्दांची ही नोंद वाचकाला सांगते की इथपर्यंत ग्रंथ आणि इथून टीकाकार. पटलं नाही तर तुम्ही दुसरा शब्द घालून बघा.

आमच्या दृष्टीने सगळ्या मीमांसेचं सार या सवयीत आहे. आधी जवळचं घ्या, मग लांबचं. गरजेपुरतंच घाला. उच्चारलेल्या शब्दाशी भांडेल असं घालू नका. एकाच्याच फायद्याचं घालू नका. आणि जे घातलंत ते आपलं आहे हे सांगा. पहिले चार नियम पाळूनही चार प्रांतांत चार अर्थ निघू शकतात, ते आपण पाहिलं. पाचवा नियम पाळला तर निदान वाद कशावर आहे ते कळतं. विधवेच्या प्रश्नात घात झाला तो इथे. ‘वसिष्ठांनी सांगितलं आहे’ असं म्हणत प्रत्येकाने आपलं क्रियापद वसिष्ठांच्या तोंडी घातलं.

शास्त्रात लिहिलंय, कायद्यात म्हटलंय, नियमावलीत आहे, वडील सांगून गेलेत, असं आजही आपण रोज ऐकतो. वडील म्हणाले असतील, ‘गावचं घर धाकट्याला.’ द्यायचं म्हणाले, राहायला म्हणाले, की सांभाळायला म्हणाले? ते वाक्य ऐकणारे तीन भाऊ तीन क्रियापदं घेऊन कोर्टाची पायरी चढतात, आणि तिघेही मनापासून सांगतात की आम्ही वडिलांचेच शब्द सांगतोय. अशा वेळी शांतपणे एवढंच विचारावं की यातले शब्द किती त्यांचे, आणि शेष किती तुमचा?

पुढच्या व्याख्यानात आपण याच धाग्याने नकाराकडे जाऊ. मराठीतलं ‘नको’ आणि ‘नाही’ एकटे उच्चारले जातात तेव्हा ते नेमकं कशाला नाकारतात, हा विषय आहे. तोवर घरी आणि गाडीत कान उघडे ठेवा, आणि काही चांगली उदाहरणं सापडली तर जरूर कळवा.